आबांच्या बोअरमधलं ॲसिड

ही हकिकत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. पहिली काही वर्षं म्हणायचो, जरा निवांतपणा मिळू दे. निवृत्त माणसानं असं म्हणणं धाडसाचंच होतं, पण मी म्हणायचो. मग मोतीबिंदू झाला, तेव्हा दिसत नाही म्हणून राहिलं. मोतीबिंदू काढल्यावर सगळं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की लिहायचा धीरच होईना. आता पंचाहत्तरी उलटली. आमच्या गडमुडशिंगीत अजूनही लोक एका भल्या माणसाबद्दल एक वाक्य बोलतात. ते वाक्य मूळ माझं आहे आणि ते खोटं आहे.

मी नोकरीची बत्तीस वर्षं उत्तर गुजरातमध्ये तेलाच्या विहिरींवर काढली. तेलाची विहीर म्हटलं की गावाकडच्या माणसाला आपल्या मळ्यातली विहीर दिसते. आत पायऱ्या, कपारीत पारवे, फक्त पाण्याच्या जागी तेल. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं की तेल मोटेनं काढता का मोटारीनं. प्रत्यक्षात ती जमिनीत दीड-दोन किलोमीटर खोल गेलेली वीतभर रुंदीची नळी असते. वरून बघितलं तर विहीर वाटतच नाही. चार-पाच चक्रीवाले लोखंडी कॉक एकमेकांवर बसवल्यासारखे दिसतात आणि शेजारी गुजरातची एखादी म्हैस चरत असते.

या नळीत साका साठतो. तेल वर येता येता गार होतं आणि त्यातलं मेण नळीच्या आतल्या अंगाला धरतं, थंडीत भांड्याच्या कडेला तूप धरतं तसं. तेलाबरोबर पाणीही येतं, त्यातले क्षार बसतात, आपल्या तांब्याच्या बंबात बसतात तसे. दोन्हींची औषधं निराळी. मेण विरघळवणारं द्रावण आधी सोडायचं, मग क्षार खाणारं ॲसिड. उलटं केलं तर ॲसिड मेणावरून नुसतं घसरतं आणि आत चिकट लगदा होतो, तो काढताना माणसं रडतात. माझं काम हेच होतं. विहिरींचे घसे साफ करायचे. बायको माहेरी सांगायची, हे विहिरींचे डॉक्टर आहेत. त्यावर तिच्या भावानं विचारलं होतं, म्हणजे दाजी विहिरीचे दात घासतात का. मेव्हण्याच्या तोंडून निघालं म्हणून मला राग आला, पण वर्णन बरोबर होतं.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मला "ऑइलवाले साहेब" हे नाव आपोआप चिकटलं. पेट्रोलचा भाव वाढला की कट्ट्यावरची माणसं माझ्याकडे अशी बघायची, जणू आदल्या दिवशी मीच सही केली. कुणाची गाडी धूर सोडायला लागली, कुणाच्या स्टोव्हची वात जळेना, की मला विचारायचे. मला यातलं काही कळत नव्हतं. पण नाही म्हणायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर विचारलेलं आवडायचं.

खरं कळणारा माणूस गावात दुसराच होता. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांचं घर मशिदीच्या मागच्या बोळात. आजोबा मोटेची चाकं करायचे, वडील विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि हे बोअरच्या मोटारी काढायचे-सोडायचे. बोअरची मोटार अडीच-तीनशे फूट खोल पाण्यात बुडालेली असते. ती लोखंडी पाइपांना लटकवतात, वीस-वीस फुटी पाइप एकाला एक सॉकेटनं जोडत. मिस्त्री बोअरवर तीन पायांची तिकटी उभी करायचे, तिला चेनपुली अडकवायचे आणि लहान मुलाला झोळीत ठेवावं तशी मोटार खाली सोडायचे. पाइप जोडताना शेवटचा पाव वेढा ते कानानं द्यायचे. पान्यावर वजन टाकून मान तिरकी करून ऐकायचे. पाइप बारीक कुरकुरला की बास. पाइपाच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, त्यांवर त्यांचा हात फिरला की दुसऱ्या माणसाला ते सुटत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. इतर गावचे मिस्त्री यावरून त्यांना शिव्याही द्यायचे.

आबांची बोअर त्यांच्या गोठ्याच्या मागं. आठ म्हशी, घर आणि गल्लीतली निम्मी घरं तिच्यावर. एका उन्हाळ्यात तिचं पाणी बारीक व्हायला लागलं. मिस्त्रींनी मोटार वर काढली, उघडून बघितली, धुतली, परत सोडली. मोटारीत दोष नव्हता. पाइपांवर मात्र पांढरं कवच धरलं होतं आणि मिस्त्रींचा कयास असा की खाली दगडाच्या ज्या भेगांतून पाणी येतं, त्यांची तोंडंही अशीच बुजत चालली असणार. आबा म्हणाले, मग घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला हिंडायचं.

मी पहिल्यांदा तपासणी केली. ती करायला दोन मिनिटं लागतात, मी अर्धा तास लावला. पाइपावरच्या कवचाचा तुकडा बशीत ठेवला. गल्लीतली माणसं गोळा झाली. मी वरून ॲसिडचे चार थेंब सोडले आणि तुकडा फसफसून उठला. कुणीतरी म्हणालं, आयला, सोडाच की. मी समजावलं की फसफसला म्हणजे क्षार आहे, मेण नाही, तेव्हा द्रावणाची गरज नाही, थेट ॲसिड चालेल. आबांच्या बोअरमध्ये मेण असण्याची शंका जगात कुणालाही आलेली नव्हती. तरी मी ती दूर केली.

ॲसिड आणायला शाहूपुरीत गेलो. रसायनांच्या दुकानदारानं मी मागितलेला आकडा ऐकून विचारलं, लॉज काढलंय का काय नवीन, एवढे संडास कुणाचे. मी त्याला तेलाच्या विहिरींपासून सगळं सांगितलं. तो बिचारा गिऱ्हाईक म्हणून ऐकत राहिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. तेलाच्या विहिरीत ॲसिड कधीच नुसतं सोडत नाहीत. त्यात आधी एक तपकिरी, कुजक्या वासाचं रसायन मिसळतात. त्यामुळे ॲसिड क्षार खातं आणि लोखंडाला फारसा हात लावत नाही. ते नसेल तर ॲसिडला क्षार आणि लोखंड सारखंच. आमच्याकडे ते मिसळायचं काम प्रयोगशाळेच्या केमिस्टचं असायचं. टँकर माझ्याकडे यायचा तेव्हा ते मिसळलेलं असायचं. कागदावर त्याचा एक रकाना असायचा, त्यात केमिस्टची सही असायची, आणि त्याखाली मी माझी सही करायचो. बत्तीस वर्षं त्या रकान्याखाली सही केली. शाहूपुरीच्या दुकानात कागद नव्हता, रकाना नव्हता, आणि मला ते आठवलंच नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी आबांच्या गोठ्यामागं हातमोजे, चष्मा आणि जुनं हेल्मेट घालून उभा राहिलो. हेल्मेटची काही गरज नव्हती. मिस्त्री तिकटी घेऊन आले होते. त्यांनी ती उभी करायला घेतली तेव्हा मी विचारलं, हे कशाला.

"मोटार आधी वर काढूया की साहेब. पाइप बी काढूया. मग सोडा तुमचं औषध."

मी हसलो. ते हसणं मला आजही आठवतं आणि अंगावर येतं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे नळी आत असतानाच ॲसिड सोडतात, नळीतूनच सोडतात, जगभर असंच करतात. हे खरं होतं. मिस्त्रींनी एकदा पाइपाकडे बघितलं, एकदा कॅनकडे.

"तुमचं लोखांड येगळं आसंल साहेब," ते म्हणाले आणि तिकटी मिटवली.

त्या वेळी आबा म्हशींना पाणी पाजत होते आणि बाकी कुणी जवळ नव्हतं. हे बोलणं आम्हा दोघांतच झालं.

प्लॅस्टिकच्या नळीनं ॲसिड खाली सोडलं. थोड्या वेळानं बोअरमधून खदखदल्याचा आवाज यायला लागला. मी सगळ्यांना बोलावून कान लावायला लावले. ऐका, म्हटलं, क्षार विरघळतोय. आबांनी कान लावला आणि कौतुकानं मान हलवली. त्यातला निम्मा आवाज क्षाराचा असेल. निम्मा पाइपांचा होता.

मी मिस्त्रींना सांगितलं होतं, एक तास ठेवायचं, मग मोटार चालू करून सगळं उपसून टाकायचं. तेवढ्यात आबांच्या घरून जेवायला बोलावणं आलं. सकाळपासून मटण शिजत होतं, पांढऱ्या रश्श्याचा वास गोठ्यापर्यंत आला होता. मिस्त्रींना मी चला म्हटलं, ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी हितंच बसतो, औषध आत हाय.

पंगतीत कुणीतरी विचारलं, साहेब, तिकडं विहिरीला आग लागते म्हणतात ते खरं का. मग काय. मी एका विहिरीची आग सांगितली, मग दुसऱ्या विहिरीतून उडालेल्या पाइपाची गोष्ट सांगितली, तो पाइप प्रत्येक वाढीगणिक दहा फूट उंच उडत गेला. मेणानं तुंबलेली एक विहीर मी तीन दिवसांत कशी मोकळी केली ते सांगितलं. ती खरं म्हणजे आमच्या साहेबांनी केली होती, मी तिथं नव्हतोही. तिसऱ्या गोष्टीच्या मध्यावर दारात मिस्त्री दिसले. ते आत आले नाहीत. मनगटावर दोन बोटं आपटून दाखवली. मी ताटावरूनच हातानं थांबा केलं, असू दे, मुरू दे. परत अर्ध्या-पाऊण तासानं ते आले, परत मनगट दाखवलं. तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, कारण गोष्ट रंगात आली होती आणि आबांच्या सूनबाईसुद्धा चौकटीत उभ्या राहून ऐकत होत्या.

उठलो तेव्हा साडेचार तास झाले होते. ॲसिड मुरलं होतं, लोणचं मुरावं तसं.

मोटार चालू केली. सुरुवातीचं पाणी लालकाळं आलं. मी म्हटलं, बघा, किती वर्षांची घाण. तो गंज होता, पाइपांचा. मिस्त्रींनी ओंजळीत थोडं पाणी घेतलं, बोटांनी चोळून बघितलं आणि टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत उपसा केला, लिटमसचा कागद बुडवून तपासून बघितलं, तरी म्हशींना दोन दिवस टँकरचंच पाणी पाजलं. आणि मग बोअर अशी चालली की टाकी वीस मिनिटांत भरून वाहायला लागली.

माझा सत्कार झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये, शाल, नारळ, फेटा. फेटा सैल बांधला होता म्हणून मी भाषणभर मान ताठ ठेवली, लोकांना वाटलं अभिमान. भाषणात मी मिस्त्रींचा उल्लेख "आमचे सहकारी" असा केला. ते मागच्या खुर्चीवर होते. टाळ्या वाजवत होते.

तीन आठवड्यांनी एका सकाळी आबांनी मोटार चालू केली आणि बोअरमधून धप्प असा आवाज आला. मग काहीच नाही. मी पोहोचलो तेव्हा मिस्त्रींनी तिकटी लावून वरचे पाइप काढायला सुरुवात केली होती. चार पाइप वर आले, पाचवा आलाच नाही. चौथ्याच्या टोकाशी जोड तुटला होता. खालचे सगळे पाइप मोटारीसकट तळाला गेले होते. अशा वेळी मोटार वाचावी म्हणून तिला नायलॉनचा एक दोर बांधून ठेवतात. दोरही तुटला होता. दोरही मिस्त्रींनीच बांधला होता.

गल्ली जमली होती. आबांनी तो तुटलेला पाइप उचलला आणि माझ्या हातात दिला.

"बघ की रं, तूच सांग. तुला कळतंय त्यातलं."

मी पाइप हातात घेतला. टोकाचे आटे झिजून पात्यासारखे झाले होते. बोट लावलं तर कापावं इतके. धातूवर बारीक बारीक खड्डे होते, देवी आलेल्या चेहऱ्यावर असतात तसे. हे खड्डे मी गुजरातमध्ये ढीगभर पाइपांवर बघितले होते, ज्या ज्या वेळी केमिस्ट चुकला त्या त्या वेळी. त्या क्षणी मला तो तपकिरी रंग, तो कुजका वास, तो रकाना, सगळं एकदम आठवलं. नायलॉनचं आणि ॲसिडचं जमत नाही, हेही आठवलं. समोर मिस्त्री उभे होते. पान्याला फडकं गुंडाळत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी आता सांगणार, अशा खात्रीनं बघत होते.

मी म्हणालो, "आटे नीट बसले नसतील."

एवढंच. आवाज तपासणीचा होता, शांत, अनुभवी माणसाचा. सगळे मिस्त्रींकडे वळले.

"आटं घट्ट हुतं, आबा," ते म्हणाले. मग परत माझ्याकडे बघितलं. ॲसिडचं नाव त्यांनी काढलं नाही. तासाचं काढलं नाही. मी पाइप उलटासुलटा करून बघत राहिलो, जणू अजून काहीतरी सापडेल. त्यांनी तिकटी मिटवली, चेन पोत्यात भरली आणि गेले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं होतं. मी म्हटलं, आटे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"बत्तीस वर्षं मी तुमचे ॲसिडनं भोकं पडलेले शर्ट धुतलेत. मला आटे सांगू नका."

आबांनी दहा फुटांवर नवी बोअर मारली. मोटार सोडायला शेजारच्या गावातला माणूस आणला. त्यानंतर एकेकानं तसंच केलं. कुणी भांडलं नाही, कुणी मिस्त्रींना तोंडावर काही बोललं नाही, त्यांना बोलावणं बंद झालं एवढंच. ज्या माणसाचं सगळं नाव त्याच्या हातावर, त्याच्या हातावरचा विश्वास गेला तर काय उरतं, हे मला रोज त्यांच्या अंगणात उभ्या असलेल्या तिकटीकडे बघून कळत होतं. पहिल्या महिन्यात ती पुसलेली असायची. मग तिच्यावर कपडे वाळायला लागले.

माफी मागायची असं मी दुसऱ्याच दिवशी ठरवलं. पण माफी मागायला असं उठून जायचं कसं? काहीतरी निमित्त हवं. म्हणून मी आमच्या स्वयंपाकघरातला नळ पान्यानं ढिला केला आणि मिस्त्रींना निरोप पाठवला. ते आले. मी शेजारी उभा राहून घसा साफ केला. ते म्हणाले, साहेब, नळाला कायबी झालं न्हाय, कुणीतरी पाना लावलाय. मी म्हटलं, असं का. त्यांनी नळ बसवला आणि गेले. पंधरा दिवसांनी मी टाकीतल्या चेंडूची दांडी वाकवली. ते आले, सरळ करून गेले. मग मी मिक्सरची वायर तोडली. तेव्हा बायकोनं मला बाजूला घेऊन बजावलं की माफी मागायची असेल तर मागा, पण फ्रीजला हात लावलात तर मी माहेरी जाईन. मिस्त्री वायर जोडत होते. त्यांनी ऐकलं असावं. मी चहा घेणार का विचारलं, ते हो म्हणाले, आणि आम्ही दोघं चहा पीत पावसाबद्दल बोललो.

वर्षभरात ते गडहिंग्लजला गेले. तिकडं त्यांच्या मेव्हण्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. मला कळलं ते ते गेल्यावर.

मी गडहिंग्लजची एसटी धरली ती त्यानंतर चार वर्षांनी. निपाणी सोडल्यावर मी माफीची वाक्यं जुळवायला लागलो. पहिल्या मसुद्यात रसायनशास्त्र फार होतं. उतरेपर्यंत ते कापून कापून थोडं ठेवलं. स्टँडवर एकाला विचारलं, तो म्हणाला, मिस्त्रीअण्णा का, बोअर धुणारे, हे काय समोरच.

बोअर धुणारे! दुकानाच्या भिंतीवर हातानं रंगवलेलं होतं, बोअर साफ करून मिळेल. आणि त्याखाली: आधी मोटार वर. तासाभरात उपसा.

मिस्त्रींनी मला बघितलं आणि धावत आले. दाढी पिकली होती, बाकी तसेच. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती. मला मधल्या खुर्चीवर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि सगळ्यांना सांगितलं की ज्यांच्याबद्दल मी बोलतो ते हेच साहेब. गुजरातेत तेलाच्या विहिरी धुतल्यात. मोटार आधी काढायची, तासाच्या वर ठेवायचं न्हाय, हे सगळं यांनीच शिकवलंय.

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ॲसिडची भीती वाटत होती, तो मिस्त्रींवर विश्वास ठेवायचा का नाही ते ठरवायलाच आला होता. त्यानं मला विचारलं, "पावणं, तास म्हंजे तासच का ओ?"

"तासच," मी म्हणालो. "वर एक मिनिट नाही."

म्हातारा समाधानानं उठला आणि उद्या या म्हणून पत्ता देऊन गेला. मिस्त्री गालात हसले. त्यांचं दुकान माझ्या नावावर चाललं होतं. त्या दुकानात बसून, माझं नाव खोटं आहे, हे कसं सांगायचं? मला हे कारण फार सोयीचं वाटलं. आता लिहिताना दिसतं की गिऱ्हाइकं गेल्यावर आम्ही तासभर एकटेच होतो. त्यांच्या घरी जेवलो. त्यांच्या बायकोनं मला आग्रहानं वाढलं. मी म्हशींची, आबांची, गावातल्या लग्नांची खबर दिली. ज्यासाठी आलो होतो ते सोडून सगळं बोललो.

संध्याकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. माझी पिशवी त्यांच्या हातात. कोल्हापूरची गाडी लागत होती, माणसं रुमाल टाकायला धावत होती. तेव्हा ते एकदम म्हणाले,

"साहेब, आटं घट्ट हुतं न्हवं?"

आवाजात राग नव्हता. एखादा कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं त्यांनी, जणू इतक्या वर्षांत त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा म्हटल्यावर, कदाचित कानानं ऐकलेली ती कुरकुरही आपण चुकीची ऐकली असेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

मी मान हलवली. हो अशी. कंडक्टर ओरडत होता, मागून लोक ढकलत होते, मी पायरीवर चढलो. मिस्त्रींनी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, बास मग. गाडी निघेपर्यंत उभे होते.

परत जायचं होतंच. परत जाऊन नीट बोलायचं, असं मी निपाणी येईपर्यंत पक्कं केलं होतं. मग बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग माझा मोतीबिंदू. एक दिवस गावातला एकजण गडहिंग्लजच्या बाजारातून आला आणि त्यानं सांगितलं की मिस्त्री गेले, महिना झाला. छातीत कळ आली, दुकानातच. सांगून झाल्यावर तो म्हणाला, माणूस लई चांगला, खरं आबाच्या बोअरला आटं ढिलं ठेवलं त्यानं.

तेव्हा मी आबांकडे गेलो. आबा आता नव्वदीला आलेत, पण कान शाबूत आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, तपकिरी रसायनापासून मनगटावरच्या दोन बोटांपर्यंत. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"मला तवाच शंका आलती," ते म्हणाले. "पाणी लई तांबडं आलं हुतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, तू भावकीतला, तुला नुकतीच शाल घातलेली, आणि तूच म्हणालास आटे. आता दोघांनी मिळून गावाला सांगू म्हटलं, तर म्हणाले, माझं काय ऐकतंय गाव, तू लिही, तुला लिहाय येतंय.

म्हणून हे लिहिलं. गावातल्या ज्यानं ज्यानं वाचलं त्यानं पुढच्याला सांगावं. मिस्त्रींच्या बायकोला मी स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे, त्यांना मराठी वाचता येत नाही. पण ज्यांना ऐकवायचं होतं त्यांच्यासाठी एसटीत जुळवलेली वाक्यं अजून माझ्यापाशीच आहेत. ती अशी:

मिस्त्री, आटे घट्ट होते. दोरही चांगला होता. मोटार काढा म्हणालात ते बरोबर होतं, तास झाला म्हणालात तेही बरोबर होतं. पाइप हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं की चूक माझी आहे, आणि तुम्ही समोर उभे असताना मी ती तुमच्यावर घातली. मला माफ करा.